ज्याचा गरुड त्याने शिवायचा

अकराव्या गरुडाची मान जाकिटावर टाचता टाचता टाचणीबाईंना पहिल्यांदा वाटलं, की ही माणसं एकतर आपल्याला खुळी समजतात, नाहीतर स्वतः तरी खुळी आहेत.

गेल्या दोन वर्षांत अकरा जण येऊन गेले होते, आणि सगळे एकेकटे. पहिला आला तो दातांचा डॉक्टर. दवाखान्यातला हिरवा फडका तोंडावर बांधूनच आला, जणू बाईंनी त्याला ओळखलंच नसतं! बाईंच्या दोन दाढा त्यानेच काढल्या होत्या, त्यातली एक चुकीची. असा माणूस बाई विसरतात होय? त्याने काळ्या चामड्याचं बिनबाह्यांचं जाकीट टेबलावर ठेवलं, त्यावर ताटाएवढा भरतकामाचा बिल्ला ठेवला आणि दुकानात तिसरं कोणी नसताना कुजबुजला, "मावशी, एवढा पाठीवर बसवून द्याल? पण कुठे बोलायचं नाही हं."

"का? चोरीचा आहे?"

"छे हो! माझाच आहे. पण शब्द द्या."

"दिला. माझ्या तोंडून बाहेर पडायचं नाही."

आणि बाईंच्या तोंडून खरोखरच काही बाहेर पडत नसे, कारण कामाच्या वेळी त्यात टाचण्या असत. गल्लीत त्यांना पाठीमागे टाचणीबाई म्हणत ते त्यामुळेच. टाचण्या नसताना त्या जे बोलत त्यामुळेही म्हणत, पण तो विषय वेगळा. तोंडावर सगळे मावशीच म्हणत. म्हणणारच!

डॉक्टरनंतर पाववाला आला. त्याने जाकीट पावाच्या पिशवीत घालून वर दोन पाव ठेवले होते. मग गणिताचे मास्तर. ते म्हणाले, जाकीट भाच्याचं आहे, आणि मापाला स्वतःच घालून आरशासमोर पाच मिनिटं उभे राहिले. मग एक वकील आला, तो जाताना म्हणाला, "आपली भेट झालेली नाही." असे करत करत अकरा झाले. सगळ्यांचा बिल्ला एकच: पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पंजात गाडीचं चाक. चित्र काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक. बाईंना ती अंड्यावर बसलेली कोंबडी वाटायची. पण गिऱ्हाइकाच्या कोंबडीला नावं ठेवू नयेत, एवढं धंद्यात कळतं.

काम मात्र जिवावरचं. चामड्यावर तो जाड बिल्ला म्हणजे मशीन चढतच नाही. आधी आरीने भोकं पाडायची, मग मेण लावलेला दुहेरी दोरा, तिधारी सुई, आणि दर टाक्याला पकडीने सुई ओढायची. शेवटी डाव्या कोपऱ्यात तीन वेढ्यांची बारीक गाठ. ही गाठ बाईंची स्वतःची. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक कपड्यावर ती आहे. अर्ध्या गावाच्या कमरेला आणि बगलेला बाईंची सही आहे म्हणा ना, आणि गावाला त्याचा पत्ता नाही.

अकरावा होता तो विमा एजंट. त्याला गप्प बसता येत नाही, तो त्याचा धंदा नव्हे. बाईंनी नुसतं "हे काय असतं हो?" विचारलं आणि तो सुटला. म्हणे, हा 'पोलादी गरुड' नावाचा मोटरसायकलवाल्यांचा क्लब. म्हणे, बिल्ला विकत मिळत नाही, कमवावा लागतो. वर्षभर उमेदवारी करायची आणि त्या वर्षात पाच हजार किलोमीटर गाडी चालवायची.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"किती?"

"पाच हजार, मावशी. वर्षात." आणि त्याने छाती फुगवली.

बाई अकरा वर्षं चार शाळांचे गणवेश मोटरसायकलवर लादून पोचवत होत्या. मागे दोन्ही बाजूंना स्वतः शिवलेल्या ताडपत्रीच्या थैल्या, वर दोरीने बांधलेलं खोकं. ऊन नाही, पाऊस नाही. पाच हजार तर त्यांचे जूनपर्यंतच होत. पण त्यांना आठवलं ते वेगळंच. महिन्याभरापूर्वी मोठ्या रस्त्यावर मागून बारा गाड्यांची रांग आली होती. पुढच्याने त्यांच्याकडे न बघता दोन बोटं हलवली होती. व्हा बाजूला. बाई झाल्या बाजूला, आणि खडीत गेल्या, आणि अर्ध्या चड्ड्यांचं खोकं रस्त्यावर फुटलं. शेवटचा सोडला तर सगळ्यांच्या पाठीवर गरुड होते. त्यातले दहा तर बाईंनी स्वतःच्या हाताने बसवलेले! चड्ड्या गोळा करता करता त्यांनी पाहिलं होतं, टाके अगदी सरळ दिसत होते.

ती दोन बोटं बाईंच्या डोक्यात तेव्हापासून होती. त्यांनी दोरा तोडला आणि विचारलं, "फॉर्म कुठे मिळतो?"

घरात रात्रीचं जेवण त्यावरच झालं. यजमान मोजणी खात्यातून निवृत्त, त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी मोजतात. म्हणाले, "वय एकसष्ट. चालू स्थितीतला गुडघा एक."

"गियर त्याच पायाने टाकते मी."

मुलगा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?"

"चाळीस वर्षं म्हणतायत. अजून त्यांचं बोलून झालेलं नाही, मी कुठवर थांबू?"

सुनेने फक्त सासूबाईंच्या ताटात आणखी वाढलं. सुनेचं मत समजायला तेवढं पुरेसं असतं. धाकट्या जाऊबाईंचा फोन आला, की असल्या क्लबांत पाठीवर कवट्या असतात म्हणे. "कवटी नाही, कोंबडी आहे," म्हणून बाईंनी फोन ठेवला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक खास जिना उतरून आले आणि त्यांनी बसून सल्ला दिला: कान झाकावेत, उपाशीपोटी चालवू नये, आणि क्लबाने एखादी स्मरणिका काढल्यास प्रस्तावना लिहायला ते मोकळे आहेत.

क्लबाचे चिटणीस नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करत. बत्तीस वर्षं माणसाचं येणं आणि जाणं एकाच शाईने लिहून लिहून त्यांच्या चेहऱ्यावर दोन्हीचं काही उरलं नव्हतं. बाईंचा फॉर्म त्यांनी उभा धरला, आडवा धरला.

"इथे 'पत्नीची संमती' असा रकाना आहे."

"मग? लिहिलंय की."

चिटणिसांनी वाचलं: पत्नी मीच. संमती आहे.

"आणि टोपणनावासमोर हे काय?"

"खरं तेच लिहिलंय. 'आहे, पण माझ्यासमोर कोणी घेत नाही.'"

"आणि व्यवसाय, 'गणवेश पोचवणे'?"

बाईंना वाटलं होतं, मोटरसायकलचा क्लब आहे तर मोटरसायकलीचंच लिहावं. शिवणाचं ह्यांना काय करायचंय? ती एवढीशी गोष्ट पुढे केवढी झाली ते कळेलच.

चिटणिसांनी सांगितलं की गाडी उमेदवाराच्या नावावर हवी. बाईंची यजमानांच्या नावावर होती. मग परिवहन कचेरी. तिथला कारकून म्हणाला, पतीचं संमतीपत्र आणा. बाई म्हणाल्या, पतीच आणलाय, हा काय. कारकून म्हणाला, हे पती कशावरून? यजमान म्हणाले, "मलाही कधीकधी पुरावा द्यावासा वाटत नाही, पण आहे." दोन वाऱ्या त्यात गेल्या. तिसऱ्या वारीला बाईंनी शिवणाची टोपली बरोबर नेली आणि कारकुनाच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून गणवेशांना काजं करायला घेतली. बाहेरचे लोक त्यांनाच विचारू लागले, नाव बदलायचा अर्ज कुठला? बाई सांगू लागल्या, आणि बरोबर सांगू लागल्या. दुपारच्या आत कागद हातात आला.

शेवटी राहिल्या दोन सभासदांच्या शिफारशी. बाई फॉर्म घेऊन दवाखान्यात गेल्या, मग बेकरीत, मग मास्तरांकडे. धमकी म्हणाल तर एक शब्द नाही! फॉर्म पुढे ठेवायचा, तोंडात टाचण्या असायच्याच, आणि समोरच्याच्या पाठीकडे जरा निरखून बघायचं. एवढंच. चिटणिसांच्या हातात अकरा शिफारशी पडल्या.

"अकरा!" ते म्हणाले. "मला स्वतःला दोन मिळवायला चार महिने लागले होते."

बाईंना नियमपुस्तक मिळालं. त्यांची शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे त्या बोट ठेवून वाचतात. पण बोट ठेवून वाचणाऱ्याचं काही सुटत नाही, हे शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. एकेचाळीस नियम वाचायला तीन आठवडे लागले. जाकीट जमिनीवर ठेवू नये. जाकीट धुऊ नये (ते नाकाला आधीच कळलं होतं). उमेदवाराने रांगेत शेवटी राहावं. सभेत विचारल्याशिवाय बोलू नये. आणि एकोणिसाव्यावर बाईंचं बोट थांबलं.

'ज्याचा गरुड त्याने शिवायचा. सभासदाने आपला बिल्ला स्वतःच्या हाताने शिवावा. दुसऱ्याच्या हाताचा टाका आढळल्यास बिल्ला उतरवण्यात येईल. आणि जो सभासद दुसऱ्याला शिवून देईल त्याचाही.'

बाई इतक्या हसल्या की यजमान चष्मा शोधत बाहेर आले. "काय झालं?"

बाईंनी डोळे पुसले, एक टाचणी उचलली आणि तोंडात धरली. शब्द म्हणजे शब्द, आणि तो एक नव्हे, अकरा.

उमेदवारीचं वर्ष गेलं ते असं. दर रविवारी रांगेत शेवटी. ज्याची गाडी पंक्चर होईल त्याच्यासाठी थांबायचं काम बाईंचं. सभासद चहा प्यायला बसले की गाड्या राखायचं काम बाईंचं. मास्तरांची विजार ऐन घाटात मागून उसवली तेव्हा एका ट्रकच्या आडोशाला उभं करून ती शिवायचं कामही बाईंनीच केलं, ते मात्र नियमपुस्तकात नव्हतं. हे सगळं चाललं असतं. अंगावर आला तो न बोलण्याचा नियम. क्लबाचा झेंडा निळा की जास्त निळा ह्यावर एकदा दोन तास सभा चालली, आणि बाई तोंडात सात टाचण्या धरून बसल्या होत्या. यजमान सांगतात की त्या दिवशी घरी आल्यावर त्या जेवेपर्यंत भिंतीशी बोलत होत्या.

आणि एक नोटीसही मिळाली. रांगेतला पुढचा माणूस हात वर करतो तेव्हा सगळ्यांनी थांबायचं, असा इशारा आहे. एका रविवारी अध्यक्ष, म्हणजे तोच दातांचा डॉक्टर, पुढे चालला होता. त्याने हात वर केला. अकराच्या अकरा गाड्या करकचून थांबल्या, पाववाला वकिलावर जाऊन आदळला, आणि बाई शांतपणे सगळ्यांच्या बाजूने पुढे निघून गेल्या. तिसऱ्या दिवशी घरी पत्र आलं: इशाऱ्याची अवज्ञा केल्याबद्दल खुलासा करावा.

बाईंनी सुनेकडून उत्तर लिहून घेतलं. एका ओळीचं. 'तो इशारा नव्हता, खाज होती.'

वर्ष पुरं झालं. किलोमीटर झाले चौदा हजार. चिटणिसांनी आकडा तीनदा तपासला आणि बिल्ला बाईंच्या हातात ठेवला. आठवड्यात शिवून आणायचा, पुढच्या रविवारी तपासणी.

बाईंनी दुकानाचं दार लावून घेतलं. जाकीट त्यांनी आधीच बेतून ठेवलं होतं. बारावा गरुड, आणि हा पहिल्यांदा स्वतःचा. चाळीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या पाठी शिवत आल्या होत्या. स्वतःच्या पाठीवर कधी काही चढवावं असं कोणी म्हटलं नव्हतं, त्यांनीही नाही. टाका न् टाका त्यांनी असा घातला, की यजमानांनी पट्टी लावून पाहिली आणि म्हणाले, "दोन्ही पंख सारखे. एका दोऱ्याचाही फरक नाही." मग कोपऱ्यात तीन वेढ्यांची गाठ. सवयीने.

तपासणी गॅरेजच्या वरच्या खोलीत होती. लांब टेबल, भिंतीवर तो जास्त निळा झेंडा, खुर्च्यांच्या पाठींना जाकिटं. चिटणिसांनी खिशातून भिंग काढलं. जुन्या नोंदी वाचायचं भिंग ते. बाईंच्या जाकिटावर ते वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग शेजारच्या खुर्चीवरच्या अध्यक्षांच्या जाकिटावर वाकले. मग परत बाईंच्या.

"ही गाठ," ते म्हणाले, "आणि ही गाठ. एकाच हाताची आहे."

खोलीत कोणीतरी कप खाली ठेवला. तो बशीवर नीट बसला नाही.

चिटणीस ताठ उभे राहिले. त्यांचा आवाज दुःखी होता, बाईंना तेच जास्त लागलं. "अध्यक्षसाहेब, मी तुमची भावना समजू शकतो. वय झालेल्या बाई, डोळ्यांना दिसत नसेल, सुई धरवत नसेल. तुम्ही दया दाखवलीत. पण नियम एकोणीस. मावशींचा बिल्ला तुम्ही शिवून दिलात. तो मला उतरवावा लागेल."

सुई धरवत नसेल! ज्या बाईने तीन हजार विजारी शिवल्या, तिचा गरुड शिवला कोणी, तर ज्याला दाढ कुठली काढायची ते कळत नाही त्याने! त्यांच्या जिभेवर सगळं तयार होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'अहो, मी शिंपीण आहे, विचारा ह्यांना, कोणाचा गरुड कोणी शिवलाय!' एका वाक्यात त्यांचा बिल्ला वाचत होता. आणि त्याच वाक्यात अकरा जणांना दिलेला शब्द जात होता.

बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. आता हा माणूस बोलेल. कोणालाही वाटेल, बोलेल.

अध्यक्षांनी आढ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आता... माणुसकी म्हणून... थोडंफार..."

कबूल केलं! त्या मेल्याने दानशूरपणा कबूल केला! बाईंच्या दातांत टाचणी वाकली.

पण चिटणीस म्हणजे नोंदी ठेवणारा माणूस. एक सापडलं की दुसरं शोधणारच. ते भिंग घेऊन पुढच्या खुर्चीकडे गेले. पाववाल्याचं जाकीट. तीन वेढे. मास्तरांचं. तीन वेढे. वकील म्हणाला, "माझी हरकत आहे." तीन वेढे. टेबलाला पूर्ण फेरी मारून चिटणीस परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही सगळ्यांचे शिवलेत?"

"मी?"

"अकरा बिल्ले आणि मावशींचा बारावा! तुम्ही, क्लबाचे संस्थापक! नियम एकोणीस, दुसरा भाग. जो सभासद दुसऱ्याला शिवून देईल त्याचाही बिल्ला उतरेल." ते खुर्चीला धरून उभे होते. "मावशी, तुमच्यावर कारवाई आहे म्हणून विचारतो. तुम्हाला काही म्हणायचंय? विचारलंय, तेव्हा बोलू शकता."

बाईंनी टाचण्या एकेक करून काढल्या आणि जाकिटाच्या काठाला ओळीने टोचल्या. वर्षभराचं साठलेलं होतं.

"कोणी कोणाचं शिवलं ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "माझं एकच म्हणणं आहे. अध्यक्षांनी बारा गरुड शिवलेत म्हणता ना? मग एक टाका इथे घालू देत. सगळ्यांसमोर." आणि त्यांनी पिशवीतून तिधारी सुई, मेणाचा दोरा आणि चामड्याचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला.

दातांचा डॉक्टर तो. हिरड्यांना टाके घालतो म्हणे! सुई त्याने धरली ती चमचा धरावा तशी. दोरा ओवायला गेला, दोरा वाकला. त्याने तो तोंडात घालून ओला केला, तर मेण दाताला चिकटलं. एजंट म्हणाला, "उजेडाकडे धरा," मास्तर म्हणाले, "पंचेचाळीस अंशात." मुख्याध्यापक तिथे नव्हते म्हणून, नाहीतर त्यांनीही काही सांगितलं असतं. कसाबसा दोरा गेला. मग त्याने आरीने भोक न पाडताच सुई चामड्यावर ठेवून अंगठ्याने दाबली. सुई चामड्यात गेली नाही. अंगठ्यात गेली.

"आई गं!" क्लबाचे संस्थापक ओरडले. "मी नाही शिवले! देवाशपथ नाही शिवले! माझा पण मी नाही शिवला!"

"मग कोणी शिवला?" चिटणिसांनी विचारलं.

चिटणीस बाईंकडे वळले. "मावशी, कोणी?"

बाईंनी जाकिटाच्या काठावरची एक टाचणी काढली आणि परत तोंडात ठेवली.

खाली गॅरेजमध्ये कोणीतरी एक इंजिन चालू केलं, बंद केलं. मग पाववाला उठला. मोठा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखा उठला. "मावशींनी शिवला. माझाही. पावाच्या पिशवीतून नेला होता मी."

"म्हणजे तूही?" मास्तर ओरडले.

"म्हणजे तुम्हीही?" एजंट म्हणाला.

"अरे, मला वाटलं मी एकटाच चोर!" वकील म्हणाला, आणि वकिलाच्या तोंडून हे वाक्य निघालं ह्याची नोंद खरं तर चिटणिसांनी घ्यायला हवी होती. सगळे एकमेकांवर ओरडू लागले. ज्याची त्याची तक्रार एकच, की दुसऱ्याने आधी का नाही सांगितलं, उगाच इतके दिवस झोप गेली.

त्या गलक्यात चिटणीस खाली बसले. त्यांनी स्वतःचं जाकीट मांडीवर घेतलं. त्या जाकिटावरच्या गरुडाची मान उजवीकडे इतकी वाकली होती, की तो स्वतःच्या शेपटीकडे काही हरवलंय का बघतोय असं वाटावं. एक पंख वर, एक खाली. टाके कुठे लांब, कुठे गुंतलेले.

"मी तीन महिने शिवत होतो," ते कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. "सात सुया मोडल्या. दर रविवारी मी तुमच्या पाठी बघायचो. सगळ्यांचा सरळ. मला वाटायचं, माझाच हात वाईट आहे. म्हणून मी पाठ भिंतीला लावून बसतो."

गलका थांबला. बाईंनी टाचणी काढली.

"चिटणीस, ह्या खोलीत एकच खरा गरुड आहे, आणि त्याची मान वाकडी आहे. भिंतीला पाठ ह्या बाकीच्यांनी लावावी."

चिटणिसांनी नाक ओढलं, नियमपुस्तक उघडलं आणि ते पुन्हा नगरपालिका झाले. "अकरा बिल्ले उतरवावे लागतील. आणि मावशी, वाईट वाटतं, पण तुम्ही दुसऱ्यांना शिवून दिलेत. दुसरा भाग..."

"बोट ठेवून वाचा," बाई म्हणाल्या. "काय लिहिलंय? 'जो सभासद.' मी शिवले तेव्हा सभासद होते? उमेदवारसुद्धा नव्हते. गिऱ्हाईक आलं, काम केलं. माझा मात्र मी शिवलाय. हा घ्या दोरा, उसवा हवं तर, इथेच परत शिवते."

चिटणिसांनी बोट ठेवलं आणि दोनदा वाचलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे आता क्लबात सभासद दोन. मी आणि तुम्ही."

अकरा तोंडं उघडीच राहिली.

"सभेला किती लागतात?" बाईंनी विचारलं.

"दोन पुरतात. नियम सात."

"मग ठराव मांडते. आणि ह्या अकरा जणांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही." बाईंनी पिशवी टेबलावर उपडी केली. सुया, आऱ्या, मेण, पकडी, अंगुस्तानं. बाई त्या दिवशी सगळं घेऊन का आल्या होत्या, हे यजमानांनी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, शिंपीण आहे, भाजीला जातानासुद्धा घेते. "आपापला बिल्ला उसवा आणि आत्ता, इथे, स्वतः शिवा. ज्याचा शिवून होईल तो सभासद. माझा हात कोणाला लागणार नाही. जीभ लागेल."

लागली. सकाळच्या सभेची दुपार टळली. "अहो मास्तर, पंखाला पंख भेटतात, पायाला नव्हे." "वकीलसाहेब, गाठ तरी खरी मारा." पाववाल्याने कणकेसारखा बिल्ला दाबून बसवला आणि चाकच दुमडलं. एजंटाने बिल्ल्याबरोबर जाकिटाचा आतला खिसाही शिवून टाकला, पाकिटासकट. अध्यक्ष अंगठ्याला फडकं बांधून बसले होते आणि त्यांच्या गरुडाचं डोकं खाली, पाय वर झाले होते. ते रडवेले होऊन म्हणाले, "मावशी, हा उलटा लागला."

"कोणती दाढ दुखते ते न विचारता काढलीत ना? उसवा."

दिवेलागणीला तेरा सभासद झाले.

पुढच्या रविवारी रांग निघाली. बारा गाड्या पुढे आणि बारा पाठींवर बारा गरुड: कोणी आकाशाकडे बघतोय, कोणी गटाराकडे, कोणाचा पंख मोडलेला, एकाचं चाक बाहेर सांडलेलं. चिटणीस मधोमध होते, पाठ अगदी ताठ. त्यांचा त्या सगळ्यांत बराच बरा दिसत होता, आणि ते त्यांना माहीत होतं.

मोठ्या रस्त्यावर पुढे स्कूटरवर एक बाई चालली होती. मागे खोकी बांधलेली, तोल सांभाळत, रस्त्याच्या मधोमध. अध्यक्षांचा डावा हात सवयीने उठला. दोन बोटं निघाली.

रांगेच्या अगदी शेवटून एक लांब हॉर्न वाजला.

ती दोन बोटं हवेत थबकली आणि हेल्मेट खाजवू लागली. कोणीही करकचून थांबलं नाही. वळण येईपर्यंत तेरा गाड्या त्या स्कूटरच्या मागून, तिच्या वेगाने गेल्या.

चहाला थांबले तेव्हा चिटणीस वही घेऊन बाईंपाशी आले. "मावशी, सगळ्यांचं मत आहे, आता तुम्ही पुढे चालावं. सगळ्यात पुढे. एकमताने ठराव आहे." मागे अध्यक्ष उभे होते, अंगठा वर करून. फडकं बांधलेला, तोच.

बाईंनी चहा संपवला, हातमोजे चढवले आणि त्या सगळ्यांच्या पाठींवरून एकदा नजर फिरवली.

"पुढे तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मी मागेच बरी. तिथून सगळ्यांचे टाके दिसतात."